आईची एफडी आणि चीनचा माल

रविवारी सकाळी सांगलीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, मुदतीआधी एफडी मोडली तर बँक किती कापून घेते रे?" चार लाखांची एफडी, मेहुण्यांच्या निवृत्तीच्या पैशातली. कशाला मोडायची विचारलं तर आधी टाळाटाळ, मग भाच्याचं नाव, आणि शेवटी तो मेसेज. चीनमधून माल आणून घरबसल्या महिन्याला दोन लाख कमवायचा.

तोच मेसेज मला त्याआधी तीन ग्रुपांतून आला होता आणि मी दोन ओळी वाचून सोडून दिला होता. आता तो घरात शिरलाय म्हटल्यावर शेवटपर्यंत वाचला. मी एकोणीस वर्षं न्हावा शेवाला कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसात काम करतो. बाजारात आम्हाला अजून सीएचए, म्हणजे कस्टम हाउस एजंट, असंच म्हणतात. बिल ऑफ एंट्री (आयात मालाची कस्टम्सकडे करायची घोषणा) भरणं, शेडमध्ये उभं राहून माल तपासून घेणं, ड्युटीची चलानं काढणं, यात माझा दिवस जातो. मेसेजवाल्याने एका ओळीत उडवून लावलेल्या गोष्टी मी रोज डोळ्यांनी बघतो, म्हणून गप्प बसवत नाही.

मेसेज थोडक्यात असा. चीन ही जगातली दुसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था, तिथे सगळं आपल्या पाव भावात मिळतं. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी नंबर, काढला की तुम्ही इम्पोर्टर झालात. चीनचा भाव अधिक भाडं एवढाच खर्च, ड्युटी 'नाममात्र'. सुरुवात खेळणी, पॉवर बँक आणि ब्लूटूथ इयरफोनपासून करा. सप्लायरला बिल कमी लावायला सांगा, सगळे तेच करतात, पकडलं तर फार तर थोडी ड्युटी भरावी लागेल. व्हिएतनाम किंवा थायलंडमार्गे आणलं तर ड्युटी शून्य. पैसे बिनधास्त पाठवा, माल पंधरा दिवसांत दारात. तळाला ४,९९९ रुपयांच्या कोर्सची लिंक.

चीन मोठा आहे, हे खरं. २००१ च्या डिसेंबरात तो जागतिक व्यापार संघटनेत आला आणि त्यानंतर बघता बघता जगाचा कारखाना झाला. २०२४-२५ या एका वर्षात आपण त्यांच्याकडून ११३ अब्ज डॉलरच्या वर माल घेतला आणि त्यांना विकला जेमतेम १४ अब्ज डॉलरचा. माझी चूलही याच मालावर पेटते. चीनमधल्या यीवूच्या बाजारात पंचाहत्तर हजारांच्या आसपास गाळे आहेत, ग्वांगझूचा कँटन फेअर १९५७ पासून वर्षातून दोनदा भरतो, आणि तिथे जाऊन माल बघून, मोजून-मापून आणणारे छोटे व्यापारी मी पाहिलेत. त्यांचा धंदा चांगला चालतो. तेव्हा चीनशी व्यापार करू नका असं मी म्हणत नाही. या मेसेजच्या रीतीने करू नका, एवढंच म्हणतोय.

पाव भावाचं मात्र खरं नाही. मेसेजमध्ये ज्या स्क्रीनशॉटवर लाल गोल काढलाय, तो चिनी भाषेतल्या घाऊक पोर्टलचा आहे आणि भाव युआनमध्ये आहेत. तो भाव तिथल्या दुकानदारासाठी, कारखान्याच्या दारातला. त्यात निर्यातीची कागदपत्रं नाहीत, निर्यातीचं पॅकिंग नाही, बंदरापर्यंतची वाहतूक नाही. असे बरेच विक्रेते स्वतः निर्यात करतच नाहीत. मग मधे एजंट येतो आणि त्याचं कमिशन येतं.

आयईसीचं थोडक्यात सांगतो. परकीय व्यापार कायदा १९९२ च्या कलम ७ प्रमाणे तो नंबर लागतोच. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या (डीजीएफटी) वेबसाइटवर ५०० रुपयांत मिळतो आणि जीएसटी आल्यापासून तो म्हणजे तुमचा पॅन नंबरच आहे. इतका सोपा, हेही मान्य. पण आरटीओचा कागद हातात आला म्हणून कुणी घाटात गाडी घालत नाही. शिवाय दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती, बदल असो वा नसो, ऑनलाइन पक्की करावी लागते. नाही केली तर नंबर बंद पडतो. माल बंदरात येऊन पडलाय आणि नंबर बंद, अशी माणसं दरवर्षी आमच्या दारात येतात.

आता 'भाव अधिक भाडं'. ड्युटी नुसत्या बिलाच्या रकमेवर लागत नाही. मालाची किंमत, भाडं आणि विमा मिळून जी रक्कम होते तिच्यावर लागते. भाड्याचा कागद दाखवता आला नाही तर नियमाप्रमाणे एफओबी किमतीच्या, म्हणजे जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीच्या, २० टक्के भाडं धरलं जातं, आणि विम्याचा कागद नसेल तर १.१२५ टक्के विमा. त्या रकमेवर बेसिक ड्युटी. बेसिक ड्युटीवर सहसा १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज. मग या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. काही मालावर अँटी-डम्पिंग ड्युटी (पडेल भावात ओतल्या जाणाऱ्या परदेशी मालावरची) वेगळी, आणि चीनच्या बाबतीत ती यादी लांबलचक आहे.

एक हिशेब मांडतो, कारण पुढे तोच लागणार आहे. भाडं-विमा धरून माल १० लाखांचा. बेसिक २० टक्के धरू, म्हणजे २ लाख. सरचार्ज २० हजार. १२ लाख २० हजारांवर १८ टक्के आयजीएसटी म्हणजे २,१९,६००. एकूण ४,३९,६०० रुपये, आणि तेही माल सोडवायच्या आधी. आयजीएसटीचं क्रेडिट पुढे मिळतं, म्हणजे विक्रीवरच्या जीएसटीतून तो वजा होतो, पण त्या दिवशी पैसे खिशातूनच जातात. त्याच्या वर शिपिंग लाइनचे डीओ (डिलिव्हरी ऑर्डर) चार्जेस, सीएफएसचं, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामाचं, बिल, आमची फी, आणि कंटेनर वेळेत रिकामा परत गेला नाही तर डिटेन्शन, तेही डॉलरमध्ये. चार लाखांच्या एफडीवाल्या माणसाला याला 'नाममात्र' म्हणून सांगणं ही फसवणूक आहे.

आता ज्या वाक्यामुळे मी हे लिहायला बसलो ते. 'सप्लायरला बिल कमी लावायला सांगा.'

हा सल्ला भाच्याला इतका साधा वाटला होता की फोनवर मला म्हणाला, "मामा, चिनी सप्लायर स्वतःच विचारतो, बिल कितीचं हवं?" खरंय, विचारतो. त्याचं काय जातं? खोट्या बिलावर इथे सही करणारा तू. बिल ऑफ एंट्रीवर घोषणा तुझी, आयईसी तुझं, पॅन तुझा. तो परदेशात बसलेला, त्याला गाठणं सोपं नाही.

या सगळ्याचा एकच भक्कम आधार आहे, कस्टम्स ॲक्ट १९६२. कोर्स विकणाऱ्याने त्याची चार-पाच कलमं जरी वाचली असती तरी हे वाक्य लिहायला त्याचा हात धजावला नसता. कलम १४ म्हणतं, किंमत म्हणजे मालासाठी खरोखर दिलेली किंवा द्यायची रक्कम. कलम १११ प्रमाणे जाहीर केलेली किंमत खऱ्याशी जुळत नसेल तर माल जप्त होऊ शकतो. तो सोडवायचा तर कलम १२५ चा दंड. जाणूनबुजून खोटी माहिती देऊन ड्युटी बुडवली तर कलम ११४ए खाली बुडवलेल्या ड्युटीएवढाच दंड वेगळा. खोटं बिल वापरलं म्हणून कलम ११४एए खाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड. आणि कलम १३५ मध्ये कैद आहे. बुडवलेली ड्युटी ५० लाखांवर गेली तर सात वर्षांपर्यंत, त्याखाली तीन वर्षांपर्यंत. 'फार तर थोडी ड्युटी भरावी लागेल' हे वाक्य या कायद्यात मला तरी कुठे सापडलं नाही.

मेसेजवाला म्हणतो, कंटेनर उघडतच नाहीत. इथे थोडं खरं आहे, आणि त्यामुळेच हा सल्ला इतका घातक झालाय. होय, बहुतेक माल न उघडता सुटतो. कुठला तपासायचा ते कस्टम्सची रिस्क मॅनेजमेंट सिस्टिम ठरवते, सगळे खोके उघडत बसले तर बंदर दोन दिवसांत तुंबेल. पण माल सुटला म्हणजे प्रकरण संपलं असं नसतं. सुटलेल्या मालाचं नंतर ऑडिट होतं. कलम २८ प्रमाणे फसवणुकीच्या प्रकरणात पाच वर्षं मागे जाऊन नोटीस काढता येते, व्याजासकट. डीआरआय ही महसूल खात्याची गुप्तचर यंत्रणा एखाद्या सप्लायरचा लॅपटॉप किंवा एखाद्या एजंटचा फोन उघडते तेव्हा त्यातून एकाचं नाव निघत नाही, त्याच्याकडून माल घेणाऱ्या सगळ्यांची निघतात. पहिले तीन कंटेनर बिनबोभाट सुटले म्हणून निर्धास्त झालेला माणूस चौथ्या वर्षी तिन्हींची नोटीस एकदम घेऊन आमच्याकडे येतो.

आणि किंमत कमी आहे हे कळतं कसं? नव्या लोकांना वाटतं, अधिकाऱ्याला काय माहीत चीनमध्ये पर्स कितीला मिळते. त्याच्या स्क्रीनवर तीच वस्तू, तोच देश, त्याच महिन्यात इतर आयातदारांनी कितीला आणली त्याचे आकडे असतात. तुमचा आकडा त्यात अंगठ्यासारखा वेगळा उभा राहतो. २००७ च्या व्हॅल्युएशन नियमांतल्या नियम १२ खाली तो तुमची किंमत नाकारू शकतो. किंमत खरी आहे हे कागदांनी दाखवायची धावपळ तुमच्यावर येते.

काही वर्षांपूर्वीचा एक पोरगा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. वय पंचविसच्या आत. लेडीज पर्स आणल्या होत्या, दुसऱ्यांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये, एलसीएल. बिलावर भाव नगाला साठ सेंट. क्वेरी आली, किमतीचा खुलासा करा. त्याने सप्लायरचं पत्र आणून दिलं, 'जुना स्टॉक आहे म्हणून स्वस्त.' अधिकाऱ्याने शंभर टक्के तपासणी लावली. द्रोणागिरीच्या एका सीएफएसमध्ये दुपारी दोनच्या उन्हात खोके फोडणं सुरू झालं. तिसऱ्या की चौथ्या खोक्यात, प्लास्टिकच्या पिशव्यांखाली, एक गुलाबी कार्बन कॉपी निघाली. सप्लायरच्या गोदामातल्या कुणीतरी पॅकिंग करताना सवयीने टाकलेली चिठ्ठी. अक्षरं सगळी चिनी, पण आकडे तर सगळीकडे तेच असतात. नग, गुणिले बावीस, बरोबर एकूण. बावीस युआन, म्हणजे तीन डॉलर. त्या पोराने ती चिठ्ठी बघितली आणि तिथेच एका पॅलेटवर बसला. पुढे कलम १०८ खाली जबाब झाला, आणि त्या जबाबात त्याने उरलेले पैसे कसे पाठवले तेही सांगितलं. सीएफएसचं भाडं रोज चढत होतं. शेवटी म्हणाला, मला माल नकोच, सोडून देतो. पण कलम २३ मध्ये अशी सोय आहे ती सरळ मालाला. गुन्हा घडल्याचं दिसत असेल तर माल सोडून देऊन मोकळं होता येत नाही. त्याचे वडील दोनदा आमच्या ऑफिसात आले होते. दुसऱ्यांदा आले तेव्हा हातात घराचे कागद होते.

माझ्या भाच्याच्या जागी मला तो पोरगा दिसला, म्हणून माझा आवाज चढला. बहिणीला मी उगाच ओरडलो.

बरं, पकडलं नाही असंच धरू. फायदा किती होतो? वरचाच हिशेब घ्या. १० लाखांचा माल बिलात ४ लाखांचा दाखवला. बेसिक ८० हजार, सरचार्ज ८ हजार, आयजीएसटी ८७,८४०. एकूण १,७५,८४०. आधीच्या ४,३९,६०० मधून वजा केले तर वाचले २,६३,७६० रुपये. मेसेजवाला इथेच थांबतो. आता त्यातला आयजीएसटीचा फरक बाजूला काढा, कारण तो क्रेडिटमधून तसाही परत मिळणार होता. खरी बचत उरली १,३२,०००.

तुमच्या वहीत आता खरेदी कितीची पडली? खऱ्या बिलाने आयजीएसटी सोडून १२,२०,००० पडली असती. खोट्या बिलाने ४,८८,००० पडली. म्हणजे पक्क्या बिलाने माल विकला की ७,३२,००० रुपयांचा नफा कागदावर जास्त दिसणार, जो तुम्हाला झालेलाच नाही. त्या वाढीव रकमेवर आयकर २० टक्क्यांनी धरला तरी १,४६,४००. वाचवले १,३२,०००, गेले १,४६,४००. पकडले न जाता तोटा. हा साधा गुणाकार ४,९९९ रुपयांच्या कोर्समध्ये का नसावा?

यावर एकच उत्तर येतं, विक्रीही कच्च्या बिलाने करायची. म्हणजे एक खोटं लपवायला जीएसटी बुडवायचा, आयकर बुडवायचा, गिऱ्हाइकाला बिल द्यायचं नाही. आणि वरचे सहा लाख चीनला जाणार कसे? बँक तर बिलाएवढेच पाठवते. ते जातात हवाल्याने, आणि तिथे फेमा हा परकीय चलनाचा कायदा लागतो, ज्यात गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड आहे. हवाल्यात मधल्या माणसाने पैसे खाल्ले तर पोलिसांत जायचीही सोय उरत नाही. बिल कमी लावा या तीन शब्दांमागे एवढं सगळं उभं आहे.

याचीच सख्खी बहीण म्हणजे 'डोअर टू डोअर, किलोप्रमाणे, ड्युटीसकट' ही जाहिरात. त्यात माल दुसऱ्याच्याच आयईसीवर येतो. बिल ऑफ एंट्री तुमच्या नावाची नाही, म्हणजे क्रेडिट नाही. आणि उद्या दुकानात कुणी विचारलं हा परदेशी माल आला कुठून, तर दाखवायला एक कागद नाही. माल 'गिफ्ट' लिहून मागवा असंही काही जण सांगतात. पोस्टाने-कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूंची सवलत डिसेंबर २०१९ मध्येच काढून घेतली. राखी आणि जीव वाचवणारी औषधं एवढी उरली.

आता त्यांनी सुचवलेला माल बघा. खेळणी, पॉवर बँक, ब्लूटूथ इयरफोन. नवख्या माणसाने ज्याला हातही लावू नये अशा तीन वस्तू निवडायच्या म्हटल्या तर मी याच निवडल्या असत्या.

खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून क्वालिटी कंट्रोल ऑर्डर लागू आहे. कारखान्याकडे बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरो) लायसन्स आणि खेळण्यावर आयएसआय मार्क नसेल तर माल आत येत नाही. हे लायसन्स चीनमधल्या कारखान्याने घ्यायचं असतं, तुम्ही-आम्ही अर्ज करून मिळत नाही. ड्युटीही २०२० च्या फेब्रुवारीत २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. नंतरच्या बजेटांत दरांची रचना बदलत राहते, म्हणून ज्या दिवशी माल मागवाल त्या दिवसाचा दर बघायचा. हे नियम नुसते व्यापाऱ्याला छळायला आलेले नाहीत. २०१९ मध्ये क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने बाजारातली आयात खेळणी तपासली तेव्हा सुमारे ६७ टक्के नापास झाली होती. ती खेळणी पोरं तोंडात घालतात. आमच्याकडे अडकलेल्या एका खोक्यातली रबराची बदकं मी हातात घेतली होती. तासाभराने जेवायला बसलो तरी बोटांचा तो उग्र वास गेला नव्हता.

पॉवर बँकेला बीआयएसचं सक्तीचं रजिस्ट्रेशन लागतं, आणि ते त्या कारखान्याच्या त्या ब्रँडला. सप्लायरने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं सर्टिफिकेट बहुतेक वेळा दुसऱ्याच मॉडेलचं निघतं. बीआयएसच्या साइटवर नंबर टाकून दोन मिनिटांत बघता येतं, पण बघतो कोण? ब्लूटूथ म्हटलं की रेडिओ लहरी आल्या, म्हणजे डब्ल्यूपीसीचं ईटीए, म्हणजे दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेची मंजुरी, आलं. आणि कुठलाही पाकीटबंद माल असो, त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष, मूळ देश छापलेला हवा. लीगल मेट्रोलॉजीचे, म्हणजे वजनमापांच्या कायद्याचे, २०११ चे नियम तेच सांगतात.

व्हिएतनाम-थायलंडचं फार लांबवत नाही. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी आपला करार २०१० पासून आहे, सवलत मिळते, हे खरं. पण ती तिथे बनलेल्या मालाला. साधारणपणे ३५ टक्के मूल्य तिथलं हवं आणि मालाचा टॅरिफ वर्गही बदलायला हवा. चिनी खोक्यावर नुसतं लेबल फिरवून ते होत नाही. २१ सप्टेंबर २०२० पासून मालाचा मूळ देश तपासण्याचे कॅरोटार नियम आले. आता नुसतं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन दाखवून चालत नाही, माल कसा बनला याची माहिती आयातदाराने स्वतःजवळ ठेवायची असते. नवल म्हणजे खुद्द चीनच्या काही मालावर आपल्याला कायदेशीर सवलत मिळते. आशिया-पॅसिफिक व्यापार करारात भारत आणि चीन दोघंही आहेत. यादी छोटी आहे, पण सरळ मार्गाची आहे. मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही.

पंधरा दिवस? निंगबो किंवा शेन्झेनहून जहाजालाच दोन ते तीन आठवडे लागतात. त्याआधी माल बनायला हवा. चिनी नववर्षाला कामगार गावी गेले की कारखाने आठवडेच्या आठवडे बंद असतात, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा सुट्टी. दिवाळीचा माल सप्टेंबरात मागवणारे लोक मी दरवर्षी बघतो. त्यांची दिवाळी समुद्रातच होते.

पैशांचं मात्र थोडं सविस्तर सांगतो, कारण एफडी तिथे जाणार होती. सरळ धंद्यात बहुधा ३० टक्के आगाऊ आणि ७० टक्के माल जहाजावर चढल्यावर, बिल ऑफ लेडिंगची (जहाज कंपनीची मालाची पावती) प्रत बघून, असं चालतं. भाच्याला सप्लायरने शंभर टक्के आगाऊ मागितले होते, तेही एका बाईच्या वैयक्तिक खात्यावर. कंपनीच्या नावाचं बिल आणि माणसाच्या नावाचं खातं दिसलं की तिथेच थांबायचं. चीनमधल्या प्रत्येक कंपनीला १८ अंकी-अक्षरी नोंदणी क्रमांक असतो, तो तिच्या बिझनेस लायसन्सवर छापलेला असतो आणि सरकारी साइटवर तपासता येतो. करारावर लाल गोल शिक्का हवा. तिथे सहीपेक्षा त्या शिक्क्याला वजन आहे. पोर्टल पैशांची हमी देतं असं सांगतात, ते अर्धं खरं. पैसे पोर्टलमार्फत गेले तरच देतं, आणि सप्लायर दुसऱ्याच वाक्यात 'बाहेरून दिले तर तीन टक्के सूट' म्हणतो. जुना ओळखीचा सप्लायर असला तरी 'आमचं बँक खातं बदललंय' असा ईमेल आला की त्याच्या नेहमीच्या नंबरवर फोन करून विचारायचं. त्या एका न केलेल्या फोनपायी लाखो रुपये गेलेले मला माहीत आहेत. आणि बँकेतून गेलेले पैसे बँक विसरत नाही. पैसे गेले, माल कुठे आहे, बिल ऑफ एंट्री दाखवा, हे विचारणारी रिझर्व्ह बँकेची आयडीपीएमएस यंत्रणा २०१६ पासून आहे.

पुढच्या रविवारी भाचा पनवेलला आला. मी त्याला रागावणार म्हणून तो तयारीतच होता, पण आम्ही सरळ वही घेऊन बसलो. त्याने वस्तू निवडली, सिलिकॉनचे केकचे साचे. आठ आकडी टॅरिफ कोड त्याने स्वतः शोधला, चुकला, पुन्हा शोधला. भाव एफओबी मागवला, भाडं सीबीएमवर (घनमीटरवर) काढलं, ड्युटी मांडली, सीएफएस, डीओ, वाहतूक, शंभरातले चार-पाच तुटके निघणार तेही धरलं. नगाला पडलेला भाव बघून तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने मशीद बंदरच्या एका घाऊकवाल्याला फोन लावला. त्याचा भाव आमच्यापेक्षा दोन रुपयांनी कमी होता, आणि तो पन्नास नगही द्यायला तयार होता.

जाताना त्याने मेसेजवाल्याच्या ग्रुपवर माझ्यासमोर टाइप केलं, "सर, तुमच्या स्वतःच्या आयईसीवरची एखादी बिल ऑफ एंट्री दाखवाल का? रक्कम झाकली तरी चालेल." चहा संपायच्या आत त्याला ग्रुपमधून काढून टाकलं होतं.

त्याने आईला फोन लावून सांगितलं, एफडी राहू दे. मशीद बंदरहून पन्नास साचे मागवतोय, त्याचे पैसे त्याच्याकडेच आहेत.